ओहोटीला पाणी उतरलं का? वसईच्या चोवीस तासांचा घटनाक्रम

वेधशाळेचा पावसाळी दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. 10 जुलै 2018 च्या सकाळी संपलेल्या अशा एका दिवसात सांताक्रूझला 184.3 आणि कुलाब्याला 165.8 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाऊस मोठा होता, पण मुंबईच्या जुलैला अनोळखी नव्हता. खाडीपलीकडे वसई-विरारमध्ये मात्र त्याच सकाळी नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली होते, वसई ते विरार लोकल बंद होती, वडोदरा एक्स्प्रेस वाटेत अडकली होती आणि वसईच्या मिठागर वस्तीतली सुमारे चारशे माणसं आदल्या दिवसापासून पाण्याने वेढलेली होती.

या दिवसाची हकीकत रेल्वेच्या बाजूने पुष्कळदा सांगून झाली आहे. ती पाणथळीच्या बाजूने सांगायची तर आधी पाणथळीत काहीतरी मोजणारं हवं. म्हणून या घटनाक्रमात मी एक यंत्र मनानेच उभं केलं आहे. वसईच्या एका मिठागराच्या बांधावर लोखंडी खांब, खांबावर पर्जन्यमापक, सौर पॅनेल आणि पेटीत आकडे नोंदवणारा लॉगर. खाली कोंडीच्या, म्हणजे मिठागराच्या वाफ्याच्या, पाण्यात दाबावर चालणारा पातळीमापक आणि शेजारी रंगवलेली मोजपट्टी. केंद्र काल्पनिक आहे. त्याला होणारे आजार काल्पनिक नाहीत. किनारी पाणथळीत अशी यंत्रं ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना ते तोंडपाठ असतात.

दोन महिने बाकी: मे

मे महिन्यात मिठाचा हंगाम सरत येतो. बांध कोरडे असतात, मोटारसायकल खांबापर्यंत जाते. यंत्राची देखभाल करायची ती याच दिवसांत. जूनचे पहिले दोन-चार पाऊस पडले की त्याच बांधावर चिखलातून चालत जायला तास लागतो, आणि हातात बॅटरी असेल तर बहुतेक जण अर्ध्या वाटेतून परत फिरतात.

काम मोठं नाही. पर्जन्यमापकाच्या फनेलची जाळी काढून धुवायची. तिच्यात पक्ष्यांची विष्ठा, पिसं, गवताच्या काड्या, कोळ्याची जाळी आणि वसईच्या वाऱ्याने आणलेली बांधकामाची धूळ असते. पॅनेलवरचा मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसायचा. पातळीमापक वर काढून त्याच्या तोंडाशी बसलेलं शेवाळ आणि कवचाचे बारीक जीव खरवडायचे, पण ब्रशने, कारण आतला पडदा नाजूक असतो. पेटीतलं सिलिका जेल पाहायचं. निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं असेल तर बदलायचं. मोजपट्टीवरचा आकडा डोळ्यांनी वाचून लॉगरच्या आकड्याशी ताडायचा आणि दोन्ही वहीत लिहायचे. लॉगरचं घड्याळ लावायचं. बॅटरीवर भार टाकून तिचा जोर पाहायचा. नुसतं मीटर लावून बारा व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली असं नसतं.

एका माणसाचं हे अर्ध्या दिवसाचं काम. आपल्याकडे अडतं ते इथेच. यंत्र प्रकल्पाच्या पैशातून येतं आणि त्याच्यासोबत फोटो निघतात. प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो, बॅटरीचं आयुष्यही साधारण तेवढंच असतं. त्यानंतर फडकं घेऊन जाणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यात टाकायचा हे कोणालाच ठाऊक नसतं. आपल्या काल्पनिक केंद्राकडेही 2018 च्या मेमध्ये कोणी फिरकलेलं नाही, असं धरू.

चार दिवस बाकी: 6 जुलै, वद्य अष्टमी

किनाऱ्यावर घड्याळाआधी तिथी पाहतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. एरवी तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ताळा लागतो. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. 2018 साली ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे 9 जुलैला निज ज्येष्ठातली वद्य एकादशी आली आणि 13 जुलैला अमावास्या. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. द्वादशीला, म्हणजे 10 तारखेला, नऊ. ही किनाऱ्यावरची वेळ. खाडीच्या आत भरती आणखी मागे पडते, पण आपल्या कामाला हा ठोकताळा पुरे.

त्यातून एक गोष्ट आधीच कळते. संकट आलं ते उधाणात नव्हे. समुद्र भांगातून उधाणाकडे निघाला होता, पण अजून पोचला नव्हता. दरवर्षी पाणी भरलं की ‘मोठी भरती होती’ हे कारण पहिल्यांदा पुढे येतं. या वेळी पंचांगच त्याच्या आड येत होतं.

पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, दक्षिणेला उल्हास नदीचं मुख असलेली वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मध्ये पश्चिमेकडून आत घुसलेली सोपाऱ्याची खाडी, अशी ही जमीन. डोंगरावरचं पाणी पश्चिमेला निघतं. वाटेत महामार्गाचा भराव लागतो, मग 1860 च्या दशकापासून उभा असलेला रेल्वेचा भराव. त्याखालच्या मोऱ्यांतून सुटलं की पाणी खाजणात आणि मिठागरांत पसरतं, भरती असेल तोवर तिथेच थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. थांबण्याची ही जागा होती म्हणून गावं कोरडी राहायची. 1990 साली सिडको इथली नियोजन प्राधिकरण झाली, 2009 च्या जुलैत महापालिका आली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. इमारती उभ्या राहायच्या तर भराव आलाच. किती जागा भरली गेली यावर भांडण आहे. भरली गेली यावर नाही.

चोवीस तास बाकी: 9 जुलै, सकाळी 8.30

शनिवार-रविवार पाऊस होऊन गेला आहे. जमीन तुडुंब प्यायलेली आहे, आता पडणारा प्रत्येक थेंब वाहणार. नुकतीच भरती होऊन गेली आहे, पाणी उतरायला लागेल.

वेधशाळेत काचेच्या मोजपात्रात पाणी ओतून आकडा लिहिला जातो. तो आकडा तिथल्या अंगणाचा असतो, वसईचा नव्हे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73 मिलिमीटर झाला होता. सांताक्रूझ ते वसई हे अंतर त्याहून कमी नाही. दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस उसना घेऊन स्वतःचे नाले आखता येत नाहीत, हा धडा त्या दिवशी मुंबईला मिळाला. तो धडा खाडी ओलांडून वसईत किती आला, हे पुढे दिसेलच.

आपल्या खांबावरचं पर्जन्यमापक काय सांगतं आहे? आत दोन वाट्यांची ‘टिपिंग बकेट’ आहे. एक वाटी भरली की तोल जाऊन उलटते, दुसरी तिच्या जागी येते, आणि प्रत्येक उलटण्याला चुंबक एक खूण लॉगरला पाठवतो. एक खूण म्हणजे अर्धा मिलिमीटर. पण फनेलच्या जाळीत मेपासूनचा कचरा आहे. पाऊस धो धो पडतो आहे, फनेल काठोकाठ भरलं आहे, वरून सांडतं आहे आणि खाली वाटीत थेंब थेंब गळतं आहे. लॉगर लिहितो: रिमझिम. पाऊस थांबल्यावरही फनेलमध्ये साठलेलं पाणी गळत राहतं, म्हणजे आलेखावर रिमझिम चालूच. जाळी पुरती बुजली असती तर लॉगरने शून्य लिहिलं असतं.

बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे यंत्र जास्त घातक. बंद यंत्राच्या रकान्यात काहीच नसतं, माणूस सावध होतो. अडलेलं यंत्र मात्र नीटनेटका आकडा देतं. तक्त्यात बसलेला शून्य खरा की खोटा हे कार्यालयात बसून ओळखता येत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन फनेलमध्ये डोकावावं लागतं.

अठरा तास बाकी: दुपारी 2.30

या चोवीस तासांतली ही पहिली मोलाची वेळ. ओहोटी.

बाहेर शाळा बंद आहेत. वसई, नालासोपारा, विरारच्या सखल भागांत गुडघाभर, काही ठिकाणी कमरेएवढं पाणी आहे. मिठागर वस्तीभोवती पाणी चढलं आहे, बाहेर पडायची वाट राहिलेली नाही. प्रशासनाचं लक्ष माणसांकडे आहे आणि ते तसंच असायला हवं. खाडीकडे पाहायला कोणाला सवड नाही. अशा वेळी पाहण्याचं काम यंत्राने करायचं असतं.

प्रश्न एकच आहे: समुद्र उतरल्यावर मिठागरातलं पाणी उतरलं का?

पातळीमापक दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत असेल तर उत्तर तीनपैकी एका आकारात येतं. पहिला आकार करवतीच्या दात्यांचा. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, मग पुन्हा चढतं. असा आलेख आला तर उघाड्या, म्हणजे बांधातली पाणी खाडीत सोडणारी झापांची दारं, चालू आहेत, खाडीची वाट मोकळी आहे. पाणी भरलं ते पाऊस फार झाला म्हणून. दुसरा आकार जिन्याचा. पाऊस पडला की पातळी एक पायरी चढते आणि तिथेच राहते, ओहोटीने काही फरक पडत नाही. याचा अर्थ बाहेरची वाट बंद आहे: भरावाने, गाळाने, अरुंद मोरीने किंवा कोणीतरी घातलेल्या बांधाने. तिसरा आकार या दोहोंच्या मधला: ओहोटीला पातळी उतरते, पण इतकी हळू की पुढची भरती येईपर्यंत निम्मंही पाणी गेलेलं नसतं. तिथे वाट आहे, पण अपुरी. पहिल्या दुखण्याला पंप आणि साठवणीची जागा लागते, दुसऱ्याला जेसीबी आणि न्यायालय, तिसऱ्याला मोऱ्या रुंद करणं. औषधं वेगळी आहेत, खर्च वेगळा आहे आणि ज्यांना उत्तर द्यावं लागेल ती माणसंही वेगळी.

आकडेही मोठे आहेत. एक हेक्टर मिठागरात अर्धा मीटर पाणी म्हणजे 50 लाख लिटर. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर. तेवढ्या पाण्याला जागा द्यायला अशा वीस हेक्टर कोंड्या लागतात, आणि पुढच्या पावसाच्या आत त्या रिकाम्या व्हाव्या लागतात. रिकाम्या झाल्या की नाही, हेच तर दुपारी अडीचला कळणार होतं.

आपल्या काल्पनिक केंद्रावर दुपारी अडीचला काय घडतं आहे? पातळीमापक पाण्याचा दाब मोजतो. पाण्यावर हवेचाही दाब असतो. तो वजा व्हावा म्हणून केबलमधून एक बारीक नळी वर पेटीपर्यंत आणलेली असते आणि तिच्यात दमट हवा शिरू नये म्हणून तोंडाशी सिलिका जेल. जेल मेमध्येच गुलाबी होतं. आता नळीत पाण्याचा थेंब अडकला आहे, हवेचा दाब खालपर्यंत पोचत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घसरला की हा सेन्सर एक सेंटिमीटर पाणी उतरल्याचं सांगतो. पावसाळी हवेत दाब पाच-सात हेक्टोपास्कलने खाली-वर होणं मामुली. म्हणजे पाणी जागचं हललेलं नसताना यंत्र पाच-सात सेंटिमीटर उतार दाखवेल. डोंगराळ मुलखात एवढ्या फरकाला कोणी विचारत नाही. वसईच्या सपाटीत घराचा उंबरा कोरडा राहणं आणि चुलीत पाणी जाणं यांतलं अंतर तेवढंच असतं.

शिवाय सेन्सरच्या तोंडावरचं शेवाळ. छिद्रं बुजली की बाहेरचा बदल आत उशिरा पोचतो. तीक्ष्ण दाते बोथट होतात, करवतीचा आलेख जिन्यासारखा दिसू लागतो. वाट मोकळी असून बंद असल्याचा पुरावा तयार होतो. उद्या न्यायालयात हा आलेख ठेवला तर समोरचा वकील एकच विचारेल: सेन्सर शेवटचा साफ कधी केला? वहीत तारीख नसेल तर खटला तिथेच संपला.

मोजपट्टी मात्र उभी आहे. रंगवलेली लोखंडी पट्टी, बॅटरी नाही, तार नाही. वस्तीतल्या कोणी तास-तासाने तिचा फोटो काढला असता तरी निम्मं काम झालं असतं. अट एवढीच की पट्टीचा शून्य पक्क्या खुणेशी जोडलेला हवा. चिखलात रोवलेला खांब दरवर्षी थोडा खचतो. लेव्हलिंग करून ते तपासलं नाही, तर 2018 चा एक मीटर आणि 2021 चा एक मीटर एकच राहत नाही. मुंबई बंदरात भरती-ओहोटीची नोंद 1878 पासूनची उपलब्ध आहे, आणि हिंद महासागर किती चढला हे सांगताना जगभरचे अभ्यासक ती वापरतात. ती वापरता येते, कारण प्रत्येक पिढीतल्या कोणीतरी शून्याची खूण सांभाळली.

बारा तास बाकी: रात्री 8.30

पुन्हा भरती. दुपारी जे उतरलं नसेल, ते आता उतरणार नाही. उघाडीची झापं खाडीच्या दाबाने मिटतात आणि आतल्या पाण्याला पहाटेपर्यंत वाट नाही.

पाऊस रात्री आणखी वाढला. महावितरणच्या उपकेंद्रांत पाणी शिरल्याने वसईच्या मोठ्या भागातली वीज गेली, आणि काही वस्त्यांत ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही. मोबाइलचे मनोरे काही तास त्यांच्या बॅटरीवर तग धरतात, मग गप्प होतात. सिमकार्डवर आकडे पाठवणारं यंत्र इथे मुकं होतं. ते चांगलं बसवलेलं असेल तर मोजत राहतं, आकडे स्वतःच्या स्मृतीत ठेवतं आणि मनोरा जागा झाल्यावर एकदम पाठवतं. स्वस्तात बसवलेलं असेल तर न गेलेले आकडे टाकून देतं. निविदेत ही ओळ कोणी वाचत नाही.

साडेपाच तास बाकी: पहाटे 3

दुसरी ओहोटी, दुसरी आणि शेवटची मोलाची वेळ. नऊच्या भरतीआधी पाणी बाहेर पडायचं तर आत्ताच.

इथे हिशेब करून पाहू. खांबावरची बॅटरी बारा व्होल्टची, 7 अँपिअर-तासांची. लॉगर आणि मोडेम मिळून सरासरी 30 मिलिअँपिअर घेतात. नवी बॅटरी सूर्य न दिसता 233 तास, म्हणजे साडेनऊ दिवसांच्या वर चालायला हवी. दणकट वाटतं. पण बॅटरी तीन वर्षांची आहे, तिची ताकद निम्मी उरली आहे: 116 तास, पाच दिवसांहून थोडे कमी. पॅनेलवर मिठाचा थर आहे, ढगाळलेल्या आभाळात ते जवळजवळ काहीच देत नाही. समजा 5 जुलैच्या सकाळी सूर्य शेवटचा दिसला. 5 च्या सकाळपासून 116 तास मोजा. 10 जुलैच्या पहाटे हिशेब संपतो.

यंत्र पहाटेच का मरतं याला हे कारण आहे. वाईट बॅटरी उन्हाळ्यात मरत नाही, रोज ऊन मिळतं. हिवाळ्यातही नाही. ती मरते सलग चार-पाच दिवस पाऊस पडल्यावर, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, म्हणजे नेमकी पूर येतो तेव्हा. वर्षातले 360 दिवस ‘नोंदी उपलब्ध’ असा अहवाल जातो आणि तो खोटाही नसतो. उरलेल्या पाच दिवसांसाठी यंत्र घेतलं होतं, एवढंच.

न्यू ऑर्लिन्सने हे 29 ऑगस्ट 2005 ला अनुभवलं. कॅट्रिना वादळात किनाऱ्यावरची अनेक पातळीमापकं लाटेचा कळस येण्याआधीच बंद पडली, आणि पाणी किती चढलं हे भिंतींवरच्या रेघांवरून शोधावं लागलं. महिन्याभरात रिटा वादळ आलं तेव्हा अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याने लुईझियानाच्या दलदलीत आधीच जाऊन पुलांना आणि खांबांना तात्पुरते सेन्सर बांधून ठेवले. आज त्या एका राज्याच्या किनारी पाणथळींत सुमारे 390 ठिकाणी पातळी आणि क्षारता दर तासाला मोजली जाते. तिथे तंत्रज्ञ ठरल्या दिवशी होडीने जातात, सेन्सर घासतात, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहितात. सेन्सरवर चढलेल्या थरामुळे किती चूक झाली, तेही आकड्यात मांडलेलं असतं.

सकाळी 8.30: 10 जुलै

काचेच्या मोजपात्रात पाणी ओतलं जातं. सांताक्रूझ 184.3. कुलाबा 165.8.

नालासोपाऱ्यात रूळ दिसत नाहीत. वसई-विरार लोकल बंद. लांब पल्ल्याच्या गाड्या जागोजाग उभ्या. वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना पुढे एनडीआरएफच्या जवानांनी बोटींतून बाहेर काढलं. मुंबईच्या डबेवाल्यांनी त्या दिवशी सेवा बंद ठेवली. किनाऱ्यावर भरती पुन्हा माथ्याला येते आहे.

त्या सकाळी आकडे दोन ठिकाणी होते. पाऊस किती पडला ते वेधशाळेकडे, रुळाच्या माथ्यावर किती मिलिमीटर पाणी आहे ते रेल्वेकडे. पडलेलं पाणी आणि रुळांवर चढलेलं पाणी यांच्या मध्ये खाजण, मिठागरं आणि खाडी आहे, आणि सगळा निकाल तिथे लागतो. तिथला तासागणिक आलेख नंतरच्या वादात कोणाच्या हातात दिसला नाही.

नंतर

पाणी ओसरल्यावर जे झालं ते अपेक्षितच. रेल्वेने नाल्यांकडे बोट दाखवलं, नागरिकांनी भरावाकडे, बिल्डरांच्या बाजूच्यांनी अतिवृष्टीकडे, आणि अधूनमधून भरतीचंही नाव निघालंच. महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांची सत्यशोधन समिती नेमली. धारण तलाव हवेत, नाले रुंद हवेत, मोऱ्या वाढवायला हव्यात, अशा शिफारशी आल्या. त्या योग्यच होत्या. पण कोणती मोरी आधी, कोणता भराव कापायचा, कोणत्या उघाडीने त्या रात्री काम केलं नाही, हे ठरवायला दुपारी अडीच आणि पहाटे तीनची पातळी लागते. भिंतीवरची रेघ पाणी किती चढलं ते सांगते, कधी चढलं आणि ओहोटीला किती उतरलं ते सांगत नाही.

भिंतीवरच्या रेघांवर निभावण्याचं कारणही नाही. मुंबई महापालिकेने 2005 नंतरच्या वर्षभरात, 2006 च्या पावसाळ्यात, 35 स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली. दर पंधरा मिनिटांनी आकडा देणारी. यंत्रापेक्षा मला जागेची निवड जास्त शहाणपणाची वाटते. बहुतेक बसवली ती अग्निशमन केंद्रांच्या गच्चीवर. तिथे चोवीस तास माणूस असतो, वीज असते, शिडी असते, आणि वर जाऊन जाळी साफ कर असं सांगता येईल असा एक जवान नेहमी हजर असतो. देखभालीचा प्रश्न त्यांनी खरेदीच्या आधी सोडवला.

पाणथळीत गच्ची नाही. पण मिठागरात माणसं आहेत. ज्या वस्तीला पाण्याने वेढलं, त्याच वस्तीत बांध, कोंडी आणि उघाडीची नस ओळखणारे लोक राहतात. मोजपट्टी वाचण्याचं आणि सेन्सर घासण्याचं काम महिन्याच्या मानधनावर त्यांना दिलं, तर पुण्या-मुंबईहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहावी लागणार नाही. वसईची महाविद्यालयं आहेत, त्यांतले भूगोल आणि पर्यावरणाचे विद्यार्थी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला समाज आहे. भरावाविरुद्ध मोर्चा काढायची धमक ज्यांच्यात आहे, त्यांना पंधरवड्याला एकदा वही घेऊन बांधावर जाणं जड नाही. मोर्चापेक्षा ते कंटाळवाणं आहे, हे कबूल.

महापालिकेला एकच सांगणं आहे. नालेसफाईचं अंदाजपत्रक दरवर्षी होतं, त्यात एक ओळ वाढवा: पाणथळीतल्या मापन केंद्रांची देखभाल, माणसाच्या पगारासकट. दर वर्षी 31 मेपूर्वी बॅटरी, सिलिका जेल आणि शून्याची खूण तपासून त्याची तारीख लोकांसमोर मांडा. आणि ज्यांच्या संस्थेच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे, त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी ही साधी परीक्षा करावी. 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या फनेलमध्ये मोजून एक लिटर पाणी अगदी हळूहळू ओता. ते 50 मिलिमीटर पावसाइतकं भरतं. अर्ध्या मिलिमीटरची वाटी त्यात शंभर वेळा उलटली पाहिजे. दोन-तीनचा फरक चालेल. ऐंशीच झाल्या, तर ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्याचा एकही आकडा कोणाला देऊ नका.